न्शिमा आणि सुशासन

राज्य कसं चालतं हे ज्याला खरोखर समजून घ्यायचं असेल, त्यानं ते दुपारी दोन वाजता पाहावं. सकाळी राज्य कामाला लागण्याच्या तयारीत असतं आणि संध्याकाळी घरी जाण्याच्या. दोन वाजता मात्र ते नुकतंच जेवून उठलेलं असतं, आणि जेवून उठलेल्याच्या अंगात ढोंग करण्याइतकी ताकद नसते.

चिलोंगोमा नगरपरिषदेचे तक्रार निवारण अधिकारी एवरिस्तो चिपोया यांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं, पण त्यांच्या विभागाची सगळी रचना याच तत्त्वावर उभी होती. तक्रारी स्वीकारण्याची वेळ दुपारी दोन ते चार. त्याआधी तक्रारदार आपल्या घरी न्शिमा जेवून यायचा आणि एवरिस्तो परिषदेच्या खानावळीत न्शिमा जेवून यायचे. मक्याच्या पिठाचा तो पांढराशुभ्र, वाफाळता, घट्ट डोंगर. हातानं त्याचा लचका तोडायचा, गोळा वळायचा, अंगठ्यानं त्याला खळगा पाडायचा आणि तोंडीलावण्यात बुडवायचा. चिलोंगोमातल्या माणसानं दिवसभर भात, बटाटे आणि पाव खाल्ला, तरी संध्याकाळी विचारलं तर तो 'सकाळपासून उपाशी आहे' असंच सांगतो आणि ऐकणारा हळहळतो.

तर असे दोन जेवलेले इसम टेबलाच्या दोन बाजूंना बसले की कामकाज सुरू व्हायचं. तक्रारदार नाव सांगायचा. एवरिस्तो विचारपूस करायचे: बायको, मुलं, बायकोचे भाऊ, कोंबड्या. मग दोघंही खिडकीबाहेरच्या आंब्याकडे बघत बसायचे. आंबा हलायचा किंवा हलायचा नाही. बऱ्याच वेळानं तक्रारदार उसासा टाकून म्हणायचा, "चला, निघतो," आणि एवरिस्तो शेरा मारायचे: 'तक्रारदाराचे समाधान झाले.' प्रांतातल्या सगळ्या नगरपरिषदांत समाधानाचं सर्वांत जास्त प्रमाण चिलोंगोमाचं होतं, एकशे चार टक्के. (वरचे चार टक्के म्हणजे जे आत येण्याआधीच बाहेरच्या बाकावर समाधान पावले.)

खानावळ बाना मूसोंची. बाना मूसो म्हणजे मूसोची आई. मूसो राजधानीत, लुसाकाला, टॅक्सी चालवतो आणि वर्षातून एकदा येतो, पण नाव त्याचंच चालतं. खानावळीची एक भिंत परिषदेला टेकलेली आणि तीन भिंती बाजारात, त्यामुळे बाई निम्म्या सरकारी मानल्या जायच्या. नावेच्या वल्ह्याएवढ्या लाकडी डावानं त्या न्शिमा घोटत, आणि दुसरा डोंगर संपवल्याशिवाय कुणाला उठू देत नसत.

एवरिस्तोंचं जेवण एकट्याचं कधीच नसे. घरपट्टी विभागाचे झेफानिया जेरे त्यांच्या ताटात ताट मिसळून बसायचे. एवरिस्तो बेंबा जमातीचे, जेरे न्गोनी जमातीचे. यांच्या खापरपणज्यांनी कधीकाळी एकमेकांची डोकी फोडली होती. त्याची भरपाई म्हणून दोन्ही जमातींना एकमेकांचा यथेच्छ अपमान करण्याचा कायमचा परवाना मिळालेला आहे. मयताच्या घरीसुद्धा तो चालतो.

"या, माकडखाऊ," जेरे म्हणायचे. "आज फांदीवरून उतरायला उशीर झाला?"

"तू सरक आधी. बिळातले उंदीर संपले वाटतं, म्हणून माणसांच्या पंगतीला आलास."

"संपले कुठले? दोन वाळवून ठेवलेत तुझ्यासाठी. बायकोला आवडतील."

मग एकाच ताटातून दोघं जेवायचे. हा कार्यक्रम इतकी वर्षं चालला होता की दोघांपैकी एक जण रजेवर असला तर दुसरा अपमानाअभावी सुकायचा.

अशा या सुरळीत चाललेल्या गावात नव्या सचिव आल्या. सिलिलो मॅडम. हुशार, उंच, देशाच्या पश्चिम भागातल्या. येताना त्या एका मोठ्या हॉटेलातली कार्यशाळा करून आल्या होत्या. विषय: 'मेंदू, मनःस्थिती आणि लोकसेवा'. कार्यशाळेतलं मुख्य व्याख्यान दुपारच्या जेवणानंतर होतं. त्या दिवशी मॅडमची दाढ दुखत होती म्हणून त्या जेवल्या नव्हत्या, आणि त्यामुळे साठ प्रशिक्षणार्थींपैकी ते व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलेल्या त्या एकट्याच. विज्ञानाचा प्रसार हा असाच एखाद्या दाढेवर अवलंबून असतो.

पहिल्याच बैठकीत त्यांनी फळ्यावर डोक्याचं चित्र काढलं आणि त्याला एक दार काढलं.

"पिष्टमय पदार्थ खाल्ले की रक्तात साखर वाढते," मॅडम म्हणाल्या. "साखर आली की तिच्या मागं इन्शुलिन येतं. ते बाकीच्या सगळ्या अमिनो आम्लांना स्नायूंकडे पिटाळतं. मग मेंदूच्या दारातली गर्दी हटते. आणि ट्रिप्टोफॅन नावाचं एक आम्ल, जे एरवी रांगेत मागं ढकललं जातं, ते गुपचूप आत शिरतं. आत गेलं की त्याचं सेरोटोनिन होतं. आणि सेरोटोनिन झालं की माणसाला वाटतं, सगळं ठीक आहे."

जेरेंनी हात वर केला. "मॅडम, हे ट्रिप्टोफॅन आपल्या बांधकाम विभागात होतं का आधी? गर्दी हटली की गुपचूप आत शिरणारे तिथले दोघे माझ्या ओळखीचे आहेत."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "आणि सगळं ठीक आहे का?" त्यांनी विचारलं. "गावात. परिषदेत. कुणीतरी सांगा."

तक्रारींचा विषय म्हणून सगळ्यांनी एवरिस्तोंकडे पाहिलं.

"आत्ता साडेअकरा झालेत, मॅडम," एवरिस्तो प्रामाणिकपणे म्हणाले. "आत्ता तसं वाटत नाही. दोननंतर विचारा."

मॅडमनी खडू खाली ठेवला. त्यांना हवा होता तो पुरावा मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. 'विषय: कार्यालयीन वेळेत पिष्टमय पदार्थांचे सेवन नियंत्रित करणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, न्शिमा, कसावा, रताळी, भात, बन व तत्सम पदार्थांमुळे कर्मचाऱ्यांच्या मेंदूत अनधिकृत समाधान निर्माण होते. सबब सदर पदार्थ परिषदेच्या खानावळीतून तात्काळ प्रभावाने वर्ज्य करण्यात येत आहेत. तोंडीलावणे पूर्ववत राहील. (भाजलेल्या कणसांबाबत स्वतंत्र आदेश काढण्यात येतील.)' कार्यशाळेतल्या डॉक्टरांनी आपल्या व्याख्यानात प्रत्येक वाक्याला 'कदाचित' लावलं होतं, आणि जेवणात थोडी मासळी असली तरी हा सगळा हिशेब बदलू शकतो, असंही सांगितलं होतं. परिपत्रकात हे जागेअभावी घेता आलं नाही.

बाना मूसोंनी परिपत्रक दोनदा वाचून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"तोंडीलावणं राहील म्हणे! अहो, पण कशाच्या तोंडी लावायचं ते? नुसत्या हवेच्या?"

"मॅडमचा आदेश आहे, बामायो," एवरिस्तो म्हणाले. तिथं आईला बामायो म्हणतात आणि आईएवढ्या कुठल्याही बाईला.

"तिच्या आईनं तिला कधी पोटभर घातलं नाही, त्याचा सूड ती माझ्यावर उगवतेय." बाईंनी डाव उलटा करून भिंतीला टेकवला आणि त्यावर फडकं टाकलं, जसं एखाद्या गेलेल्या माणसाच्या तोंडावर टाकतात.

त्या दुपारी परिषदेनं उकडलेली अंडी, सुकी बारीक मासळी, शेंगदाणे आणि पालेभाजी खाल्ली. दृश्य पाहवत नव्हतं. सवयीनं माणसं हात धुऊन बसत, चिमूट उचलत, तळहातावर नसलेला गोळा वळत आणि अंगठ्यानं त्याला खळगा पाडत. लेखापाल तर दोन दिवस असा खळगा पाडून नुसताच अंगठा चाटत होते.

दोन वाजले. आणि परिषदेच्या इतिहासात प्रथमच दोन वाजता सगळे जागे होते.

एवरिस्तोंसमोर त्या दिवशी चिलांद्वा वस्तीतले एक आजोबा येऊन बसले. नाव सांगून झालं, कोंबड्या झाल्या, आणि आजोबांनी आंब्याकडे बघायला सुरुवात केली. एवरिस्तोंना मात्र आंब्याकडे बघवेना. त्यांना तिथं नुसतं झाड दिसत होतं.

"तक्रार काय आहे, आजोबा?"

आजोबा दचकले. "हापशी. हापशी बिघडलीय आमची."

"बरं. कशी?"

"दांडा हलतो, पाणी येत नाही."

"मग?"

आजोबांनी घाबरून दाराकडे पाहिलं. "मग काय, साहेब? पुढचं मी कधी सांगितलंच नाही. इथवर आलं की मी घरी जातो."

एवरिस्तो उठले, आजोबांना घेऊन चिलांद्वाला गेले आणि त्यांनी हापशी पाहिली. दांडा हलत होता, पाणी येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका तक्रारीची वस्तुस्थिती डोळ्यांनी पाहिली होती, आणि त्यांना अगदी कसंसंच झालं. ही वस्तुस्थिती आता काढून कुठं ठेवायची, याची कार्यालयात काहीच सोय नव्हती.

हीच गत बाकीच्यांची. रस्ते विभाग जागा झाला आणि तीनदा उद्घाटन झालेला एक रस्ता शोधायला जीप घेऊन निघाला. (जीप सापडली.) नियोजन विभागानं गावाचा नकाशा सरळ धरून पाहिला, तेव्हा नगरपरिषदेची इमारत सार्वजनिक शौचालयासाठी राखीव जागेवर उभी असल्याचं निष्पन्न झालं. काही ज्येष्ठ नागरिकांचं म्हणणं पडलं की जागेचा वापर मूळ हेतूला धरूनच चालू आहे. आरोग्य निरीक्षकांनी तपासणी केली. कशाची, ते महत्त्वाचं नाही. त्यांनी केली, याचाच गावानं धसका घेतला.

मॅडमना हे अपेक्षित होतं. जे अपेक्षित नव्हतं ते असं की, जागी माणसं फार चिडकी असतात. लेखापाल आणि कारकून यांच्यात पंख्यावरून हातघाई झाली. शिपाई 'तुम्ही स्वतः उठून घ्या' हे वाक्य बोलला, आणि बोलून झाल्यावर स्वतःच रडला. आणि मग एके दुपारी, अंड्याचं कवच सोलता सोलता जेरे नेहमीप्रमाणे म्हणाले, "काय रे माकडखाऊ, आज तोंड का असं?"

एवरिस्तोंनी मान वर केली. पोटात शेंगदाणे होते आणि डोक्यात हापशी होती. शब्द थेट आत गेला.

"मी माकड खात नाही," ते म्हणाले.

"आँ?"

"माझे वडील खात नव्हते. आजोबा खात नव्हते. तू हे रोज चारचौघांत बोलतोस, झेफानिया. का बोलतोस?"

जेरेंच्या हातातलं अंडं तसंच राहिलं. "अरे, मग तू मला इतकी वर्षं उंदीर... ते काय होतं?"

"ते खरं आहे. तुम्ही खाता."

"वा! म्हणजे माझं खरं आणि तुझं खोटं?"

जेरे ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले. एवरिस्तोंनी कार्यालयातल्या आपल्या टेबलावर परत येऊन जेरेंविरुद्ध लेखी तक्रार केली. गावातला तक्रारी स्वीकारणारा सक्षम अधिकारी एकच असल्यामुळे ती त्यांनी स्वतःकडेच सादर केली, दोन वाजता स्वीकारली, स्वतःच्या घरच्यांची विचारपूस केली आणि पुढचा सबंध तास स्वतःसमोर बसून राहिले. समाधान झालं नाही. चार वाजता जेरेंची उलट तक्रार आली. तिच्यात एवरिस्तोंचे आजोबा, एक विशिष्ट झाड आणि दोन साक्षीदार होते.

इतर तक्रारदारांचंही तसंच. त्यांचं सगळं ऐकलं जाऊ लागल्यामुळे ते जाईनात. शिवाय ऐकलं जातंय हे कळल्यावर जे कधी आले नव्हते तेही आले. समाधानाचं प्रमाण एकशे चारवरून नऊ टक्क्यांवर आलं, आणि त्या नऊतलेही बहुतेक वाटेत गोड बन खाऊन आलेले होते.

संध्याकाळी एवरिस्तो घरी जायचे ते टक्क जागे. त्यांची बायको प्रिस्का बाजारात सुकी मासळी विकायची. एका संध्याकाळी चुलीपाशी बसलेल्या प्रिस्काला त्यांनी विचारलं, "आज दिवस कसा गेला तुझा?"

प्रिस्कानं पातेलं खाली ठेवलं. "काय झालंय? नोकरी गेली?"

"नाही गं. सहज विचारलं."

"सहज?" तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "कुणी बाई आहे का? असेल तर सांगून टाका. पण असं काहीबाही विचारू नका."

"काही नाही गं. जागा आहे मी, एवढंच. आणि जागा आहे म्हणून एक वाचलंय." एवरिस्तोंनी आवाज उतरवला. "तुमचा बाजार हलवणार आहेत. दफनभूमीच्या पलीकडे, वीटभट्ट्यांपाशी. इथं मोठं व्यापारी संकुल होणार आहे, काचेचं. प्रस्ताव तयार आहे. नुसती जनसुनावणी बाकी आहे."

चुलीवरचं पाणी उकळून गेलं.

"तिथं कोण येणार मासळी घ्यायला?" ती म्हणाली. "जे तिथं जातात ते परत येत नाहीत."

"म्हणून तर सांगतोय."

"होऊ दे सुनावणी. त्या बाईला मी अशी ऐकवीन की तिच्या दुसऱ्या दाढेलाही कळ येईल. आणि तुम्ही?"

"मीही उठेन," एवरिस्तो म्हणाले. असं वाक्य त्यांच्या तोंडून पूर्वी कधी निघालं नव्हतं. प्रिस्कानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि लग्नाच्या वेळी पाहिलं होतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं.

आठवड्याभरात बाजार पेटला. मासळीवाल्या, टोमॅटोवाल्या, जुन्या कपड्यांचे गठ्ठे फोडणाऱ्या, सगळ्या एक झाल्या. इकडे परिषदेत जेरे-चिपोया प्रकरणात जमातीच्या वडीलधाऱ्यांपर्यंत निरोप गेले होते. शेवटी एवरिस्तो मॅडमच्या दालनात गेले.

"मॅडम, लहान तोंडी मोठा घास घेतो. प्रयोग फसलाय."

मॅडम खिडकीतून बाजाराकडे बघत होत्या. खाली बायका घोषणा बसवत होत्या. "नाही, चिपोया," त्या शांतपणे म्हणाल्या. "शास्त्र बरोबर आहे. आपण न्शिमेचा विचार टेबलाच्या चुकीच्या बाजूनं केला."

एवरिस्तोंना हे वाक्य तेव्हा नीट कळलं नाही. वास्तविक चिलोंगोमाच्या प्रशासकीय इतिहासातला तो सर्वांत मोठा शोध होता.

नवं परिपत्रक निघालं. जनसुनावणी परिषदेला लागून असलेल्या शाळेच्या मैदानावर, आंब्याशेजारी, दुपारी दोन वाजता. तत्पूर्वी बारा वाजल्यापासून सर्व उपस्थित नागरिकांस भोजन. कर्मचाऱ्यांस मात्र पूर्वीचे निर्बंध लागू राहतील.

बाना मूसोंना बोलावणं गेलं तेव्हा त्यांनी डावावरचं फडकं असं काढलं की बघणाऱ्याला भरून यावं. इतके दिवस त्या अंडी उकडत होत्या आणि अंडी उकडण्यात माणसाला स्वाभिमान राहत नाही. त्यांनी पिपांत न्शिमा शिजवली. कोंबडी, भेंडी, शेंगदाण्याचा कूट घातलेली पालेभाजी, तळलेली मासळी. बाजार उठला की खानावळही उठणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण चारशे माणसांची न्शिमा घोटताना गुठळी होऊ नये याशिवाय दुसरा विचार त्यांच्या डोक्यात शिरत नव्हता.

बायका आल्या. चितेंगे, म्हणजे लुंगीसारखी रंगीत कापडं, कमरेला घट्ट खोचलेली, हातात काठीला ठोकलेले फलक, सगळ्यांत पुढे प्रिस्का. तिच्या शेजारी जेरेंची बायको, कारण नवऱ्यांचं भांडण नवऱ्यांनी बघावं.

"आम्ही जेवायला नाही आलो!" प्रिस्का ओरडली.

"नाही आलो!" मागून आवाज आला.

बाना मूसोंनी पिपावरचं झाकण काढलं. वाफ मैदानभर गेली.

"माझ्या हातचं नको म्हणतेस, प्रिस्का?" बाई म्हणाल्या. "मी काय केलंय तुझं?"

आता आली पंचाईत. वाढलेलं नाकारणं म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. प्रिस्का घुटमळली.

"बस गं," जेरेंची बायको म्हणाली. "भांडायचं ते जेवूनही भांडता येतं. उलट अंगात जोर येतो."

एवरिस्तो कर्मचाऱ्यांच्या बाकावरून, हातात उकडलेलं अंडं घेऊन, हे पाहत होते. त्यांनी आक्षेपाचे मुद्दे पाठ केले होते. पहिला, लांबचा पल्ला. दुसरा, वीटभट्ट्यांचा धूर. तिसरा, मेलेल्यांना मासळी लागत नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत पहिल्या गोळ्याला बायकांचे आवाज खाली आले. दुसऱ्याला खांदे खाली आले. तिसऱ्याला कुणीतरी कुणाला तरी विचारलं, "तुझ्या धाकटीला काय झालं शेवटी, मुलगा की मुलगी?" पाऊणच्या सुमारास फलक उन्हासाठी डोक्यावर धरले गेले. दीडला ते पाठीखाली गेले. प्रिस्का जेरेंच्या बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून, तोंड थोडं उघडं ठेवून, गाढ समाधानात बुडालेली होती.

दोनला मॅडमनी प्रस्ताव वाचून दाखवला. त्यांच्या आवाजात अंगाईची सगळी लक्षणं होती.

"कुणाचा आक्षेप?"

आंब्याचं एक पान पडलं, तेवढंच.

एवरिस्तो उठले. डोकं लख्ख होतं. "माझा आहे, मॅडम."

बाकावरच्या लेखापालांनी त्यांच्या शर्टाचं टोक ओढलं. पुढच्या रांगेत एकदोन डोळे उघडले. मॅडम रागावतील असं एवरिस्तोंना वाटलं होतं. त्या मात्र काळजीनं बघत होत्या, एखादी मावशी बघेल तसं.

"चिपोया, तुम्ही जेवला नाहीत."

"आदेश आहे, मॅडम. तुमचाच."

"आज शिथिल करते. रिकाम्या पोटी बोलू नये. आधी जेवा, मग तुमचं सगळं ऐकून घेते."

"आधी बोलतो. माझे तीन मुद्दे..."

तेवढ्यात त्यांच्या समोर एक ताट आलं. ताटात वाफाळता डोंगर, बाजूला कोंबडीचा रस्सा, आणि ताटाच्या दुसऱ्या टोकाला जेरेंचा हात. जेरेंनी इतके दिवस त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. आताही ते ताटाकडेच बघत होते.

"खा रे, माकडखाऊ," जेरे हळूच म्हणाले. "निवतंय."

एवरिस्तोंनी हातातलं अंडं बाजूला ठेवलं. त्यांनी खाली बसून गोळा तोडला, वळला, अंगठ्यानं खळगा पाडला. या खेपेला खळगा खरोखरीचा होता, गरम होता.

"तुझे उंदीर नाहीत का रे आज?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"सगळे तुझ्या सासुरवाडीला पाठवले."

दोघं हसले. इतके हसले की जेरेंना ठसका लागला आणि एवरिस्तोंनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. पहिला गोळा पोटात गेला तेव्हा तिन्ही मुद्दे शाबूत होते. दुसऱ्याला वाटलं, पल्ला लांब आहे खरा, पण चालणं प्रकृतीला चांगलं. पुढे धुराचाही विचार झाला, धुरानं डास पळतात. मेलेल्यांबद्दलचा मुद्दा सगळ्यांत चिवट होता. तो दुसऱ्या वाढपापर्यंत टिकला. मग वाटलं, शेजार शांत आहे, घासाघीस करत नाही, वारा बरा येतो.

"तर चिपोया, तुमचा आक्षेप?" मॅडमनी विचारलं. त्या खरोखरच थांबल्या होत्या. लोकशाहीबद्दल त्यांना आदर होता.

एवरिस्तोंनी आंब्याकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी तो नुसता झाडासारखा दिसत नव्हता.

"बघू, मॅडम," ते म्हणाले. "आज नको."

प्रस्ताव एकमतानं संमत झाला. चारशेपैकी कुणीही विरोधात हात वर केला नाही, आणि बाजूनंही नाही. शांतता ही संमती म्हणून नोंदली गेली.

बाजार आता वीटभट्ट्यांपाशी भरतो. प्रिस्का पहाटे सायकलच्या मागे मासळी बांधून निघते आणि चढावर उतरून ढकलते. त्या सुनावणीविषयी ती नवऱ्याला काही बोलत नाही. त्यानं विचारलंच तर म्हणते, "न्शिमा छान झाली होती," आणि तोंड फिरवते. बाना मूसोंना संकुलाच्या मागच्या बाजूला एक खिडकी मिळाली आहे. तिथं त्या कामगारांसाठी अंडी उकडतात. परिषदेतली बंदी उठली. जेरे आणि एवरिस्तो पुन्हा एका ताटात जेवतात, फक्त डबा आता घरून येतो. दोघांच्या तक्रारी दोन ते चारच्या वेळेत समाधानकारकरीत्या निकाली निघाल्या. चिलांद्वाची हापशी तशीच आहे, पण तिच्याबद्दल आजोबा हल्ली फक्त पहिला अर्धा भाग सांगतात. सिलिलो मॅडमना बढती मिळाली. पाच नगरपरिषदांची पथकं हा उपक्रम समजून घ्यायला येऊन गेली. त्यांना आधी जेवू घालण्यात आलं आणि सगळ्यांनी लेखी कळवलं की उपक्रम उत्तम आहे.

आता एकच गोष्ट राहिली. चारशे माणसांची कोंबडी, मासळी, पिपं भरून न्शिमा, एवढ्या सगळ्याचा खर्च कुणी केला? सभेत हे एकानंही विचारलं नाही. वर्तमानपत्राच्या वार्ताहरानं विचारलं नाही. (तो दुसऱ्या वाढपानंतर फलकाखाली सापडला.) उत्तर काही गुपित नाही. जुन्या बाजाराच्या जागी उभ्या राहिलेल्या संकुलाच्या काचेवर ते नाव रोज संध्याकाळी दिव्यांच्या अक्षरांत लागतं, दोन मैलांवरूनही वाचता येतं.

तुम्हीही, वाचकहो, वाफ आली तिथपासून इथवर आलात आणि विचारलं नाहीत. त्यात संकोचण्यासारखं काही नाही. आज दुपारी भात दोनदा घेतला असेल.